हलके, पण बळकट

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात क्यूका नावाचे एक सुंदर सरोवर आहे. सभोवार टेकड्या, टेकड्यांच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आणि सरोवराच्या दक्षिण टोकाशी हॅमंड्सपोर्ट हे लहानसे गाव. या गावात २१ मे १८७८ रोजी ग्लेन हॅमंड कर्टिस याचा जन्म झाला. पुढे याच मुलाने दोन चाकांच्या यंत्रावर बसून त्या काळी कोणाही मनुष्याला न साधलेला वेग गाठला आणि जगातील आद्य विमानकर्त्यांत मानाचे स्थान मिळविले.

ग्लेनचा बाप घोड्यांचे साज तयार करीत असे. ग्लेन चार वर्षांचा झाला, तोच पित्याचे छत्र हरपले. पाठोपाठ दुसरे संकट आले. त्याची धाकटी बहीण रुथा हिला सहाव्या वर्षी मेंदूचा ज्वर झाला आणि तीत तिची श्रवणशक्ती नष्ट झाली. रॉचेस्टर शहरी बहिऱ्या मुलांसाठी शाळा होती. मुलीचे शिक्षण खुंटू नये म्हणून आईने गाव सोडले व ती रॉचेस्टरला जाऊन राहिली. ग्लेनला मात्र आठव्या इयत्तेनंतर शाळा सोडून कामाला लागावे लागले.

छायाचित्रणाच्या फिल्मा तयार करणाऱ्या एका कारखान्यात त्याला नोकरी मिळाली. फिल्मेच्या पाठच्या कागदावर आकडे छापण्याचे ते काम होते. तोच आकडा, तीच कृती, दिवसभर. बरोबरीची मुले मान खाली घालून काम उरकीत. ग्लेनचे लक्ष मात्र कामापेक्षा काम करण्याच्या रीतीकडे लागले. कोणती हालचाल आवश्यक आहे आणि कोणती व्यर्थ, याचा विचार करून त्याने एक साधे साधन बनविले. त्याच्या योगाने एका हातात अनेक कागदांवर आकडे उमटू लागले आणि काम कितीतरी पटीने वाढले. व्यर्थ ते काढून टाकावे व आवश्यक तेवढेच ठेवावे, ही त्याची दृष्टी येथेच प्रथम दिसून आली.

पुढे त्याने तारा पोचविणाऱ्या हरकाऱ्याची नोकरी धरली. ही नोकरी सायकलवरची होती. ग्लेन उंच, सडपातळ व काटक होता. वेगाची त्याला मनापासून आवड होती. हॅमंड्सपोर्टला परत आल्यावर तो सायकलींच्या शर्यतींत भाग घेऊ लागला व त्या जिंकूही लागला. सायकलच्या शर्यतीत माणूस हेच इंजिन असते. सायकलीवर शेरभर ओझे अधिक असेल, तर ते चढणीवर स्वाराच्या मांड्यांना व छातीला तत्काळ कळते. वजन म्हणजे काय, याचा धडा ग्लेनने पुस्तकात वाचला नाही. तो त्याने आपल्या पायांनी गिरविला.

१८९८ साली लीना नेफ या तरुणीशी त्याचा विवाह झाला. त्याने गावात सायकलींचे दुकान थाटले. धंदा बरा चालला. परंतु सायकल दामटून दामटून त्याच्या मनात एक विचार घोळू लागला. हे पाय चालविण्याचे श्रम एखाद्या लहानशा इंजिनावर सोपविता आले तर?

१९०१ साली त्याने बाहेरगावाहून इंजिनाचे ओतीव भाग मागविले. ते घासून, कातून, जुळवून त्याने इंजिन उभे केले व सायकलीच्या सांगाड्यावर चढविले. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर त्याच्याजवळ नव्हता. तेव्हा त्याने टोमॅटोचा एक रिकामा डबा घेतला व त्याचाच कार्ब्युरेटर केला! डब्याची टोपी घालणारा एक विदूषक त्या वेळी वर्तमानपत्रांतील चित्रांत प्रसिद्ध होता. त्याचेच नाव या विचित्र वाहनाला मिळाले. यंत्र फटफट आवाज करीत चाले खरे, पण इंजिन फार लहान होते. चढ लागला की ते धापा टाकी.

ग्लेनने मग मोठे इंजिन मागविले. त्यात जोर भरपूर होता, पण ते भलतेच जड होते. त्याच्या हिसक्यांनी सायकलचा सांगाडा असा हादरे, की इंजिन आता उखडून बाहेर पडते की काय, अशी भीती वाटावी. एक इंजिन हलके, पण दुबळे. दुसरे जोरदार, पण बोजड. या दोन अनुभवांतून कर्टिसला आपल्या पुढील आयुष्याचे सूत्र सापडले. इंजिनाचा जोर किती, एवढेच विचारून भागत नाही. त्या जोराच्या वाट्याला भार किती येतो, हेही विचारले पाहिजे. ज्या बैलाची अर्धी शक्ती स्वतःचेच जड जू ओढण्यात खर्च होते, तो गाडी कशी पळविणार?

याच सुमारास कर्टिस पतिपत्नींवर दुःखाचा आघात झाला. त्यांचा पहिला मुलगा तान्हेपणीच, १९०२ साली दगावला. ग्लेन मूळचाच अबोल. तो आता अधिकच कामात बुडून गेला.

दुसऱ्याच्या इंजिनावर विसंबून राहणे त्याने सोडून दिले व तो स्वतःची इंजिने घडवू लागला. त्या काळी पुष्कळशा मोटारींची इंजिने पाण्याने थंड ठेवीत. त्यासाठी पाणी हवे, पाण्याची टाकी हवी, नळ्या हव्यात. आणि हे सारे ओझे गाडीनेच वाहावयाचे. कर्टिसने आपल्या मोटारसायकलीसाठी हवेने थंड होणारे इंजिन पत्करले. सिलिंडरच्या बाहेरील अंगास धातूच्या पातळ पट्ट्या ठेवल्या, म्हणजे समोरून येणारा वाराच उष्णता वाहून नेतो. पाणी गेले, टाकी गेली, नळ्या गेल्या. आणि काम मात्र अडले नाही.

दुसरी युक्ती याहून नामी होती. जोर वाढवावयाचा असेल, तर सिलिंडर वाढविले पाहिजेत. परंतु दोन स्वतंत्र इंजिने जोडली, तर जोराबरोबर वजनही दुप्पट होणार. कर्टिसने दोन सिलिंडर एकाच पेटीवर तिरकस बसविले आणि दोहोंचे दट्टे एकाच दांड्याला जोडले. पेटी एक, दांडा एक, सिलिंडर मात्र दोन. अशा रीतीने जोर जवळजवळ दुप्पट झाला, पण वजन त्या मानाने थोडेच वाढले. एका छपराखाली दोन भाऊ राहिले, तर दोन घरांचा खर्च वाचतो, तसाच हा प्रकार होता.

या यंत्रांची परीक्षा तो स्वतःच शर्यतीत उतरून घेई. १९०३ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कजवळ एकाच दिवशी त्याने डोंगर चढण्याची शर्यत जिंकली आणि गोल मैदानावरील शर्यतही जिंकली. त्याच वर्षी त्याने ताशी सुमारे ६४ मैलांच्या वेगाने एक मैल अंतर तोडले. २८ जानेवारी १९०४ रोजी फ्लॉरिडामधील ऑर्मंड येथील समुद्रकिनाऱ्यावर त्याने १० मैलांचे अंतर ८ मिनिटे ५४.४ सेकंदांत कापून नवा विक्रम केला. हा वेग ताशी ६७ मैलांहून अधिक पडतो. हॅमंड्सपोर्टच्या लहानशा दुकानाचे नाव आता दूरवर पोचले.

ते नाव ऐकून एक निराळाच गिऱ्हाईक आला. टॉमस बाल्डविन हा फुग्यातून आकाशात चढण्याचे खेळ करीत असे. वाऱ्यावर भरकटणारा फुगा इंजिनाच्या साहाय्याने हवा तिकडे नेता यावा, अशी त्याची इच्छा होती. परंतु फुगा ठराविक भारच उचलू शकतो. जड इंजिन चढविले, तर तो जमीन सोडीतच नाही. कॅलिफोर्नियात कर्टिसची मोटारसायकल पाहून आपल्याला हवे असलेले इंजिन हेच, हे बाल्डविनने ओळखले. ते इंजिन बसविलेले त्याचे वायुयान ३ ऑगस्ट १९०४ रोजी ओकलंड येथे आकाशात गेले आणि फेरी मारून, जेथून निघाले होते तेथेच परत उतरले. रस्त्यावर पळण्यासाठी हलके केलेले इंजिन आता उडू लागले होते!

विमानविद्येच्या प्रयोगांसाठी अधिक शक्तीची गरज पडू लागली. १९०६ साली कर्टिसने आठ सिलिंडरांचे इंजिन तयार केले. चार एका बाजूस व चार दुसऱ्या बाजूस, असे तिरकस बसविलेले हे आठही सिलिंडर एकच दांडा फिरवीत. थंड ठेवण्यास पाण्याऐवजी हवाच होती. त्याची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती भरली. हे इंजिन मोटारसायकलीवर चढवून तिचा वेग पाहावा, असे कर्टिसच्या मनाने घेतले.

ही मोटारसायकल घडविताना त्याने प्रत्येक भागाला जणू जाब विचारला. वेग बदलण्याची दंतचक्रांची पेटी हवी का? सरळ वाळूवर एकाच वेगाने धावावयाचे, तर ती कशाला? पेटी गेली. चिखल अडविण्याची चाकांवरील झाकणे? तीही गेली. राहिला तो एक लांबट सांगाडा, दोन चाके, इंजिन, पेट्रोलची टाकी आणि बसण्यापुरती जागा. तथापि हलकेपणाच्या हव्यासाने त्याने सारासार विचार सोडला नाही. त्या काळच्या मोटारसायकलींची चाके इंजिनाशी चामड्याच्या पट्ट्याने जोडीत. पट्टा हलका खरा. परंतु ४० अश्वशक्तींचा ताण त्याला कसा सोसावा? म्हणून येथे त्याने पट्टा टाकून पोलादी दांडा व दंतचक्रे बसविली. वजन थोडे वाढले, पण ते वाढविणे भागच होते. सारे यंत्र २७५ पौंड, म्हणजे सुमारे १२५ किलोग्रॅम भरले. एकेका अश्वशक्तीच्या वाट्याला सात पौंडांपेक्षाही कमी भार आला.

१९०७ सालच्या जानेवारीत कर्टिस पुन्हा ऑर्मंडच्या किनाऱ्यावर आला. ओहोटी लागली, की तेथील वाळू ओली, घट्ट व फरसबंदीसारखी सपाट होते. वर्षापूर्वी याच वाळूवर वाफेच्या एका मोटारीने ताशी १२७ मैलांचा वेग गाठला होता. कर्टिसने आधी आपल्या दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलीवर एक मैल ४६.४ सेकंदांत कापला. नंतर ते आठ सिलिंडरांचे यंत्र वाळूवर आणण्यात आले.

कर्टिस यंत्रावर जवळजवळ पालथा झाला. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्याने मस्तक खाली घातले. वेग घेण्यासाठी दोन मैल, वेग मोजण्यासाठी एक मैल आणि थांबण्यासाठी एक मैल, अशी आखणी होती. आठ सिलिंडरांची गर्जना किनाऱ्यावर घुमली. यंत्र पाहता पाहता लहान ठिपक्यासारखे दिसू लागले. मोजणीचा मैल संपला, तेव्हा घड्याळात २६.४ सेकंद झाले होते. ताशी १३६ मैल, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर! आगगाडी, मोटार किंवा विमान, कशातही बसून तोपर्यंत कोणी माणूस इतक्या वेगाने गेला नव्हता.

परतीची धाव सुरू झाली. कर्टिस अद्याप पूर्ण वेगात आला नव्हता, तोच इंजिन व मागचे चाक यांना जोडणाऱ्या दांड्याचा सांधा तुटला. सुटा झालेला पोलादी दांडा सांगाड्यावर आदळू लागला आणि सांगाडा वाकला. अशा वेळी एक क्षणाचा गोंधळ म्हणजे मृत्यू. कर्टिसने धीर सोडला नाही. त्याने यंत्र सरळ ठेवले, वेग आपोआप उतरू दिला आणि कोठेही न खरचटता तो खाली उतरला.

धाव पुरी न झाल्यामुळे या वेगाची अधिकृत विक्रमांत नोंद झाली नाही. परंतु कर्टिसला त्या तुटलेल्या सांध्याने जे शिकविले, ते विक्रमाहून मोलाचे होते. अनावश्यक भार काढून टाकणे ही विद्येची एक बाजू झाली. आवश्यक तेथे बळकटी राखणे ही दुसरी बाजू. जमिनीवर सांधा तुटला, तर कुशल स्वार कदाचित वाचेल; आकाशात तुटला, तर त्याला कोण वाचविणार? त्या यंत्रावर कर्टिस पुन्हा शर्यतीत उतरला नाही. त्याचे लक्ष आता आकाशाकडे लागले होते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, टेलिफोनचा शोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने विमानांचे प्रयोग करण्यासाठी एक मंडळ स्थापिले. इंजिनांचा जाणता म्हणून त्याने कर्टिसला त्यात घेतले. मंडळाची पहिली विमाने हॅमंड्सपोर्ट येथेच तयार झाली. ४ जुलै १९०८ रोजी कर्टिसने ‘जून बग’ या विमानातून, जमलेल्या लोकांसमक्ष, सुमारे एक मैलाचे उड्डाण केले आणि एक किलोमीटर सरळ उडण्यासाठी ठेवलेले ‘सायंटिफिक अमेरिकन’ नियतकालिकाचे पारितोषिक मिळविले.

१९०९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील रीम्स येथे विमानांच्या मोठ्या शर्यती झाल्या. इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी महिनाभरापूर्वीच उडून ओलांडणारा ब्लेरिओ हा तेथील लोकांचा लाडका वीर होता आणि त्याच्या विमानाचे इंजिनही अधिक शक्तिमान होते. कर्टिसजवळ एकच विमान व एकच इंजिन होते. त्याने मोटारसायकलीचाच जुना धडा पुन्हा गिरविला. शर्यत २० किलोमीटरांची. मग मोठी पेट्रोलची टाकी कशाला वागवावी? ती काढून त्याने लहान टाकी बसविली. शर्यतीत कर्टिसला १५ मिनिटे ५०.६ सेकंद लागले. ब्लेरिओ त्याच्यामागे सहा सेकंदांहूनही कमी अंतराने राहिला. एवढ्या थोड्या फरकाने कर्टिसने गॉर्डन बेनेट चषक जिंकला.

परंतु पुढच्याच वर्षी या हलकेपणाच्या उपासकाने आपल्या विमानावर मुद्दाम भार वाढविला, हे ऐकून नवल वाटेल. ऑल्बनीहून न्यूयॉर्क शहरापर्यंत उडणाऱ्यास १०,००० डॉलरांचे बक्षीस लागले होते. अंतर सुमारे १५० मैल आणि वाट हडसन नदीवरून. इंजिन बंद पडले, तर खाली पाणीच पाणी. म्हणून कर्टिसने विमानाला तरंगण्यासाठी पोकळ नळकांडी जोडली व स्वतः बुचांचा अंगरखा घातला. २९ मे १९१० रोजी, वाटेत उतरून तेल-पेट्रोल घेऊन, त्याने हा प्रवास तीन तासांपेक्षा कमी उड्डाणात पुरा केला. रीम्सला जे वजन टाकणे शहाणपणाचे होते, हडसनवर तसेच वजन बरोबर घेणे शहाणपणाचे ठरले.

पाण्यावरून उडण्याच्या या विचारातूनच पुढे पाण्यावर उतरणारी व पाण्यावरून चढणारी विमाने निर्माण झाली. २६ जानेवारी १९११ रोजी सॅन डिएगो येथे कर्टिसने असे विमान यशस्वी रीतीने उडविले. १९१९ साली अटलांटिक महासागर प्रथमच विमानाने ओलांडला गेला, तो त्याच्या कारखान्याने अमेरिकेच्या आरमाराच्या सहकार्याने बांधलेल्या जलविमानातून. कर्टिसच्या वाट्याला कटू प्रसंगही आले. विमानाच्या हक्कांवरून राइट बंधूंशी त्याचा तंटा अनेक वर्षे न्यायालयात चालला व निकाल राइट यांच्या बाजूने लागला. पहिल्या महायुद्धात विमानांची निकड भासली, तेव्हा १९१७ साली तडजोड होऊन हा वाद मिटला.

२३ जुलै १९३० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, एका शस्त्रक्रियेनंतर ग्लेन कर्टिस मृत्यू पावला. क्यूका सरोवराकाठच्या त्याच्या गावीच त्याला पुरण्यात आले. ऑर्मंडच्या वाळूवर त्याने गाठलेला वेग दुसऱ्या कोणा मोटारसायकलस्वाराने ओलांडला, तोही त्याच वर्षी. मधे तेवीस वर्षे लोटली होती. ती लांबट मोटारसायकल आता अमेरिकेच्या राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात आहे. तिच्यावर शोभेचा एकही भाग नाही. तिच्या घडणीत तिच्या कर्त्याचा स्वभावच उमटला आहे. नको ते त्याने निर्भयपणे दूर केले, हवे ते जपून बळकट केले, आणि तुटले तेथे तो पुन्हा शिकला.